पहिल्या भेटीआधी थोडं सांगाल का?

प्रति,
माननीय समुपदेशन,
मुक्काम भोपाळ.



पत्रास कारण की, आमच्या कॉलनीतल्या एका मुलीने गेल्या आठवड्यात तुमची वेळ घेतली आणि आदल्या रात्री रद्द केली. पैसे भरून झाले होते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून झाली होती, घरी काय सांगायचं तेही ठरलं होतं. रात्री जेवणं आटोपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, तिथे गेल्यावर नेमकं करायचं काय असतं? त्यांनी विचारलं काय त्रास आहे, आणि मला सांगताच नाही आलं तर?" मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. पण तोवर तिचा धीर सुटला होता. तिला तुमच्या उपचारांची भीती नव्हती. दारातून आत गेल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांची होती.

म्हणून हे पत्र. आपली ओळख जुनी आहे. माझ्या आत्याच्या निमित्ताने मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं, नवरा गेल्यावर स्वतःसाठी भेटले, आणि आता नात्यागोत्यातलं किंवा शेजारपाजारचं कुणी तुमच्याकडे यायचं म्हटलं की सोबतीला मला बोलावतात. तुमच्या बाहेरच्या बाकावर बसून मी खूप वेळ काढला आहे. तेव्हा दोन गोष्टी कौतुकाच्या आणि चार तक्रारीच्या बोलण्याचा मला हक्क आहे, असं धरून चालते. राग नसावा.

आधी खुशाली. तुमचं इथे बरं चाललेलं दिसतं. एमपी नगरात कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत तुमची पाटी दिसते, अरेरा कॉलनीत दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दिसते, शाळांच्या माहितीपत्रकात तर फोटोसकट दिसते. आमच्या लहानपणी कुणी जरा जास्त रडलं किंवा गप्प बसलं, की घरातली मोठी माणसं आग्र्याच्या नाही तर ग्वाल्हेरच्या वेड्यांच्या इस्पितळाचं नाव घेऊन दरडावायची. आता तीच माणसं नातवाला तुमच्याकडे घेऊन येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण तक्रार अशी, की तुम्ही आपली रीत कुणाला सांगत नाही. साध्या सोनोग्राफीला जायचं तरी आधी फोन येतो, पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका, आधीचे रिपोर्ट आणा. तुमच्याकडे येणाऱ्याला फक्त वेळ आणि पत्ता मिळतो. बाकी सगळं तो सिनेमा पाहून, भीतीच्या भरात स्वतःच रचतो. कुणाला वाटतं झोपवून काहीतरी वदवून घेतील. कुणाला वाटतं चेहरा पाहून सगळं ओळखतील. आमच्याकडच्या एका आजोबांची तर खात्री होती की जाताना गोळ्या देतील आणि त्या जन्मभर चुकणार नाहीत.

तुम्ही सांगत नाही, म्हणून मीच सांगत सुटते. मी सांगते की पहिल्यांदा एक फॉर्म हातात येईल. नाव, वय, घरात कोण कोण, कोणती औषधं चालू आहेत, थायरॉइड-साखर तपासली आहे का, आधी कुणाला दाखवलं होतं का, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. आणि एक ओळ असेल, 'येण्याचं कारण'. या ओळीवर मी माणसं अडकलेली पाहिली आहेत. बँकेत नोकरी केलेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म तपासलेल्या एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी त्या ओळीवर पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. कागदावर शाईचा ठिपका पसरत गेला. शेवटी त्यांनी लिहिलं, 'झोप'. बाहेर आल्यावर त्याच म्हणाल्या, की झोपेबद्दल दोन वाक्यं झाली आणि उरलेला सगळा वेळ त्या मुलाबद्दल बोलल्या, जो तीन गल्ल्या पलीकडे राहतो आणि दिवाळीलाही येत नाही. ती ओळ रिकामी सोडली तरी चालते, किंवा 'माहीत नाही' असं लिहिलं तरी चालते, हे त्यांना आधी कुणी सांगितलं असतं तर तो ठिपका पडला नसता.

मी सांगते की आत सिनेमातल्यासारखा आडवं व्हायचा कोच नसतो. दोन खुर्च्या असतात, बऱ्याचदा किंचित तिरक्या ठेवलेल्या, म्हणजे सतत डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. पाणी असतं, टिश्यूचा डबा असतो, भिंतीवर घड्याळ असतं. पंचेचाळीस मिनिटं ते एक तास. पहिल्या भेटीत प्रश्न बरेच विचारतात, कारण त्यांना चित्र उभं करायचं असतं. कधीपासून होतंय, त्या सुमारास घरात काय घडलं, झोप कशी, भूक कशी, कामात लक्ष लागतं का, दारू-तंबाखू आहे का. आणि मग एक प्रश्न येतो ज्याने माणूस हादरतो: कधी जगणं नको असं वाटलं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? हा प्रश्न बहुतेक सगळ्यांना विचारतात. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, हे संशोधनाने पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. उलट, एवढे दिवस जे जिभेवर यायला धजत नव्हतं ते कुणीतरी सरळ, न घाबरता विचारलं, म्हणून माणूस मोकळा श्वास घेतो. पण हे आधी ठाऊक नसेल तर? माझ्या मावसभावाला वाटलं की आपला चेहराच तसा दिसतोय. तो पुढे महिनाभर आरशात बघत होता.

सोबत आलेल्यांबद्दलही एक शब्द. आपल्याकडे एकटं कुणी डॉक्टरकडे जात नाही, आणि त्यात वाईट काही नाही. पण नवरा बायकोच्या शेजारी बसून तिच्या वतीने उत्तरं देतो, "तशी ती बरी आहे हो, फक्त विचार जास्त करते", हे मी उघड्या दारातून ऐकलं आहे. चांगली समुपदेशक अशा वेळी गोड बोलून त्याला बाहेर पाठवते. तेव्हा तो चिडतो, आणि बाईला वाटतं आपल्यामुळे तमाशा झाला. सज्ञान माणसाशी आधी एकट्याने बोलणार, घरच्यांना हवं तर नंतर, आणि त्या माणसाच्या संमतीने बोलावणार, हे वेळ देतानाच फोनवर सांगून टाका. अर्धे तंटे तिथेच मिटतील.

आता गुपिताचं. भोपाळातलं मराठी जग लहान आहे. गणपतीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, दिवाळी पहाटेला तेच चेहरे. इथल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो आपला आजार काय हा नव्हे, ही गोष्ट फिरेल का हा. तुम्ही याला नुसतं "विश्वास ठेवा" म्हणून चालत नाही. तुमच्या बाजूने कायदा आहे, तो तरी सांगा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत, तेही लपवू नका. त्या माणसाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, न्यायालयाने मागितलं तर, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर गप्प बसता येत नाही. बाकी नोकरीच्या ठिकाणी, सासरी, शेजारी कुणालाही कळवायचं नसतं. आणि न्यू मार्केटात भाजी घेताना समोरासमोर आलात, तर ओळख द्यायची की नाही हे त्या माणसाने ठरवायचं, तुम्ही आपणहून हाक मारायची नाही. हा तुमचा नियम मला फार आवडतो. पण ज्याला तो कुणी सांगितलाच नाही, त्या आमच्या शेजारणीला वाटलं की मॅडमनी मुद्दाम तोंड फिरवलं.

जुनी गोष्ट काढते, कारण त्याशिवाय या शहरात तुमच्याबद्दल बोलणं अपुरं आहे.

1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आली. माझे आजोबा त्यांतले. आम्ही तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. आत्या लग्न होऊन रेल्वे कॉलनीत गेली. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकीतून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला, तेव्हा आमच्या बाजूला वारा नव्हता आणि तिच्या बाजूला होता.

ती वाचली. खोकला राहिला, डोळे राहिले, पण वाचली. तोंडावर ओला कपडा धरला असता तर त्रास कमी झाला असता, असं तिला नंतर कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ती वर्षानुवर्षं उशाशी ओला पंचा ठेवून झोपायची. रोज रात्री तो बादलीत बुचकळायची, पिळायची, चौघडी करून ताटलीत ठेवायची. पहाटे उठून पाहायची अजून ओला आहे का. विचारलं तर म्हणायची, "मला काही झालं नाही. फक्त झोप येऊन नाही राहिली." घरातल्या कुणालाही तो पंचा आजार वाटला नाही. सगळ्यांना तो शहाणपणा वाटला, आणि तिच्या जागी राहून पाहिलं तर तो होताही.

त्या वेळी तुम्ही कुठे होतात? मध्य प्रदेशात तेव्हा मानसोपचार जाणणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजमधून आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतून माणसं आली, तीही 1985 उजाडल्यावर. लखनौच्या पथकाने दहा सरकारी दवाखान्यांत 855 रुग्ण तपासले. ही सगळी छातीच्या, डोळ्यांच्या, पोटाच्या तक्रारी घेऊन आलेली माणसं. त्यांतल्या 193 जणांना, म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त लोकांना, मनाचा निश्चित आजार निघाला. बहुतेक बायका, बहुतेक पंचेचाळिशीच्या आतल्या. उदासी, धास्ती, दुःखातून न सावरणं. वेड म्हणतात तसं क्वचितच काही.

एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ आणायचे कुठून? तेव्हा निम्हान्सच्या डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं त्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे. त्यांनी गॅसपीडितांच्या दवाखान्यांत बसणाऱ्या साध्या डॉक्टरांनाच शिकवलं: माणसाचं ऐकायचं कसं, धास्ती आणि उदासी ओळखायची कशी, धीर कसा द्यायचा, औषध कधी लिहायचं आणि पुढे कधी पाठवायचं. पुढे 1987 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याची पुस्तिकाही काढली. मोठ्या संकटानंतर मनाची विचारपूस साध्या दवाखान्यातून करायची, हा धडा या देशाने भोपाळात गिरवला आणि पुढे लातूरच्या भूकंपात, त्सुनामीत त्याचा विचार झाला.

आत्याच्या वाट्याला असाच एक डॉक्टर आला. छाती तपासून झाल्यावर त्याने स्टेथोस्कोप खाली ठेवला आणि विचारलं, "रात को क्या होता है?" एवढंच. आत्याने पंच्याबद्दल पहिल्यांदा त्याला सांगितलं. आम्हाला घरात राहून जे दिसत होतं आणि कळलं नव्हतं, ते त्याला एका प्रश्नात कळलं. त्याने पंचा बंद करायला सांगितलं नाही. म्हणाला, रखिए, और अगले बुधवार को आकर बताइए कितनी बार उठीं. ती बुधवारी गेली. मग पुढच्या बुधवारी गेली. पंचा सुटायला वर्षं लागली, पण बुधवार तिच्या आठवड्यात कायमचा बसला. तुमची आणि माझी ओळख तिथली.

आणि त्याच काळातली माझी सगळ्यात मोठी तक्रारही आहे. तुमचं नाव तेव्हा दुखणं नाकारायलाही वापरलं गेलं. "हे सगळं मनाचं आहे", "भरपाईसाठी नाटक आहे" असं ऐकून परत आलेली माणसं या शहरात हजारोंनी आहेत. फुप्फुसं जळलेल्या माणसाला मनाकडे बोट दाखवून वाटेला लावलं की काय होतं, ते जुन्या भोपाळात आजही दिसतं. तिथे कुणाला म्हटलं, चला, एकदा समुपदेशकाला भेटू, तर तो विचारतो, "म्हणजे मला काही झालंच नाही, असं म्हणता?" याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं, पहिल्याच भेटीत, त्याने विचारायच्या आधी. छाती दुखते ते खरं, झोप येत नाही तेही खरं, आणि एकासाठी दुसरं खोटं ठरवायचं नाही.

तुमच्या नावाने आत बसणारी माणसं कोण, हाही गोंधळ मोडा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, चाचण्या आणि मानसोपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक बेलाशक विचारावा. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए आणि वर प्रशिक्षण घेतलेला असतो. पण आठवड्याचा अभ्यासक्रम करून तीच पाटी लावणारेही आहेत. 2021 च्या नव्या कायद्याने समुपदेशकांना नोंदणीच्या कक्षेत घेतलं आहे, घडी मात्र अजून बसायची आहे. तोवर शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारणं उद्धटपणा नाही, असं तुम्हीच लोकांना सांगा. आमच्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारायची सवय नाही. त्या संकोचापायी माझी एक भाची एका ठिकाणी चार वेळा जाऊन आली, जिथे समोरची व्यक्ती मोबाइल बघत ऐकायची आणि शेवटी सांगायची, "सासूबाईंशी जरा जुळवून घ्या, सकाळी प्राणायाम करा." हे तुमच्या नावावर चालू देऊ नका.

पैशांचंही स्पष्ट बोला. खासगीत एका भेटीला काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत पडतात आणि भेट एकदाच नसते. ठरावीक अडचण असेल तर आठ-दहा-बारा भेटी, जुनं दुखणं असेल तर वर्षभरही. मध्यमवर्गीय माणूस दुसऱ्या भेटीलाच मनात गुणाकार करतो आणि तिसऱ्या भेटीला येत नाही. तुम्हाला वाटतं त्याची इच्छा कमी पडली. परवडत नसेल तर पंधरवड्याने या, फी कमी करता येते का विचारा, नाही तर हमीदिया, एम्स किंवा जेपी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, हे सांगायला तुमचं काय जातं? तिथे गर्दी असते, तासभर निवांत बसवत नाहीत, पण दार उघडं असतं. देशातल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचं दिसलं होतं. त्यांत पैशांअभावी आणि लाजेने मागे फिरलेले किती असतील, याचा अंदाज बाकावर बसून येतो.

आता भाषा. हा विषय मला टाळता येत नाही. मराठीत तुमचं केवढं मोठं घर आहे! कि. मो. फडके अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती शिकले आणि ती मराठी वाचकांपर्यंत घेऊन आले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि मनाबद्दल भर सभागृहात, साध्या मराठीत बोलायची सवय लावली. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून व्यसनात अडकलेल्यांच्या घरच्यांनाही बोलतं करतं. मग सातपुडा ओलांडताना ती मराठी तुम्ही कुठे ठेवून आलात? इथे तुम्ही हिंदीत बोलता, ते ठीक, हिंदी आमचीही आहे. बाजार, शाळा, कचेरी सगळं हिंदीत होतं. पण आई गेल्याचं दुःख कुणी बाजाराच्या भाषेत सांगतं का?

माझंच सांगते. आमचे हे रोज सकाळी हिंदी वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायचे आणि मथळे मला मराठीत वाचून दाखवायचे. छापलेलं हिंदी, तोंडून येणारं मराठी, मध्ये अडखळणं नाही. ते गेल्यावर लोक मला विचारायचे, कसे गेले, अचानक का, कोणत्या दवाखान्यात. तुमच्याकडे आले तेव्हा पहिली बरीच मिनिटं मी बोललेच नाही. समोरच्या बाई बसून राहिल्या. घाई नाही, प्रश्न नाही, पेनची टकटक नाही. मग त्यांनी विचारलं, "वे थे, तब सुबह कैसे शुरू होती थी?" मी हिंदीत सुरुवात केली आणि त्या वर्तमानपत्रापाशी येताच माझी हिंदी संपली. पुढचं सगळं मी मराठीत बोलले. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी थांबवलं नाही, मान डोलावून कळल्याचा आवही आणला नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "अब इसमें से जितना मुझे बताना चाहें, उतना हिंदी में बता दीजिए." त्या दिवशी तुम्ही माझ्यावर जे उपकार केलेत ते मी विसरणार नाही. म्हणूनच मागते आहे: फॉर्मवर एक ओळ वाढवा, कोणत्या भाषेत बोलायला आवडेल? मराठी जाणणारी व्यक्ती असेल तर सांगा. नसेल तर, मध्येच आपल्या भाषेत बोललात तरी चालेल, एवढं तरी सांगा. हे सिंधी, उर्दू, मल्याळम बोलणाऱ्या भोपाळकरांनाही तेवढंच लागू आहे.

पहिल्या भेटीनंतर काय होतं, ते तर तुम्ही अगदीच सांगत नाही. माणसाला वाटतं, बोललो की हलकं वाटणार. बऱ्याच जणांना वाटतंही. पण कितीतरी जणांना त्या संध्याकाळी आणखी जड वाटतं. डोकं दुखतं, घरी उगाच चिडचिड होते, नको ते बोलून बसलो असं वाटत राहतं. ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. त्या दोन-तीन दिवसांतच लोक ठरवतात की हे आपल्याला सोसणारं नाही. निघताना दारात नुसतं म्हणा, "आज-उद्या जड वाटलं तर घाबरू नका, फार वाटलं तर फोन करा." एवढ्या एका वाक्याने किती माणसं दुसऱ्या भेटीला आली असती!

तसंच सल्ल्याचं. आमची माणसं उत्तर घ्यायला येतात. नोकरी सोडू का, मुलीच्या लग्नाला हो म्हणू का, वाटणी मागू का. तुम्ही उत्तर देत नाही, आणि त्यांना वाटतं पैसे वाया गेले. ठरवायचं त्यांनी, तुम्ही त्यांना नीट पाहायला मदत करणार, हे सुरुवातीलाच बोला. घरी करायला काही द्याल, जसं की चिडचिड झाली की काय घडलं, तेव्हा मनात काय आलं आणि कसं वाटलं ते वहीत लिहायचं, तर ते का देता तेही सांगा, नाही तर लोकांना शाळेत गेल्यासारखं वाटतं. आणि तीन-चार भेटींनंतरही समोरच्या माणसाशी सूर जुळत नसेल तर बदलायला हरकत नाही, किंवा औषधाची गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं म्हणजे तुम्ही हात झटकणं नव्हे, हेही. कोणत्या पद्धतीचा उपचार आहे याइतकंच त्या दोन खुर्च्यांमधलं नातं महत्त्वाचं असतं, असं तुमचंच शास्त्र सांगतं. मग नातं जुळलं नाही तर दोष आपला, असं मानून माणूस कायमचा का निघून जावा?

मोठी विनंती एकच, आणि खर्चाची नाही. तुमच्या प्रत्येक दाराबाहेर एक कागद लावा. हिंदीत, उर्दूत, मराठीत. पहिल्या भेटीत काय विचारतील, किती वेळ लागेल, किती पैसे, कुणाला कळेल आणि कुणाला नाही, रडू आलं तर काय, बोलता आलं नाही तर काय, पटलं नाही तर काय. तोच मजकूर वेळ घेणाऱ्याच्या मोबाइलवरही पाठवा, आदल्या दिवशी नव्हे, पैसे भरायच्या आधी. मराठी मजकूर मी लिहून देईन. आत्याच्या त्या डॉक्टरांकडे कागद नव्हता, पण त्यांनी पहिल्याच दिवशी पुढचा बुधवार सांगितला होता, आणि काय सांगायला यायचं तेही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
तात्या टोपे नगरातली एक जुनी परिचित

ता. क. हे पत्र तुमच्याऐवजी चुकून एखाद्या घाबरलेल्या माणसाच्या हाती पडलं, तर त्याच्यासाठी: टेली मानस ही फोनवरून मनाच्या त्रासाबद्दल बोलण्याची सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. दिवसरात्र, फुकट, आणि भाषा निवडता येते. नाव सांगायला जमत नसेल तर 'झोप येत नाही' एवढ्यावरून सुरुवात करावी.